लघवीच्या संसर्गाची गोळी घेतली आणि मेनिंजायटिस झाला: असं खरंच होतं का?

प्रश्न: माझ्या पत्नीचं वय ३६. गेल्या वर्षी लघवीला जळजळ होत होती म्हणून डॉक्टरांनी को-ट्रायमोक्सॅझोल डीएसच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, डोकं भयंकर दुखायला लागलं, उलट्या झाल्या, मान ताठ झाली. अ‍ॅडमिट केलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पाठीतलं पाणी काढलं, त्यात मेनिंजायटिस निघाला. १४ दिवस इंजेक्शनं झाली आणि ती बरी होऊन घरी आली. आठ महिन्यांनी पुन्हा लघवीचा तोच त्रास. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. एकच गोळी पोटात गेली आणि तीन तासांत पुन्हा तेच सगळं, शिवाय चेहरा आणि डोळे लाल, बोलणं असंबद्ध. या खेपेच्या एमडी डॉक्टरांनी दोन्ही वेळचं औषध एकच होतं हे शोधून काढलं आणि आजार गोळीमुळे झाला असं सांगितलं. पण अँटिबायोटिकने मेनिंजायटिस बरा होतो, होतो कसा? पहिल्या हॉस्पिटलात चुकीचे उपचार झाले का? डोक्यावर कायमचा परिणाम राहील का? मुलांना लागण होईल का? पुढे काय टाळायचं? दोन्ही रिपोर्ट सोबत पाठवले आहेत.

उत्तर:

हो, असं होतं. क्वचित होतं, पण होतं, आणि तुमच्या एमडी डॉक्टरांचं निदान मला पटतं. रिपोर्ट पाहण्याआधी, नुसती तुमची हकिगत वाचूनच माझं मत जवळजवळ झालं होतं: एक औषध, दोन वेळा, दोन्ही वेळा तोच आजार, आणि दुसऱ्या वेळी दिवसांऐवजी तासांत. याला आम्ही औषधजन्य मेनिंजायटिस म्हणतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जी पातळ आवरणं असतात त्यांना सूज येते, पण त्या सुजेमागे जंतू नसतो.

औषधाने मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. या यादीतलं सगळ्यात बदनाम औषध अँटिबायोटिक नसून आयब्युप्रोफेन आहे, म्हणजे आपण ताप-अंगदुखीला सर्रास घेतो ते. ल्युपस या आजाराच्या रुग्णांत आयब्युप्रोफेनमुळे मेनिंजायटिस झाल्याची नोंद १९७८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली. अँटिबायोटिक्समध्ये पहिला नंबर को-ट्रायमोक्सॅझोलचा, म्हणजे सेप्ट्रान, बॅक्ट्रिम वगैरे नावांनी मिळणारी गोळी. त्यानंतर अमॉक्सिसिलिन. सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल यांच्याही तुरळक नोंदी आहेत. अँटिबायोटिक्सच्या बाहेर बघायचं तर फिट्ससाठी दिलं जाणारं लॅमोट्रिजिन (अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये त्याबद्दल खास इशारा दिला होता) आणि शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन. ही सगळी औषधं रोज लाखो लोक घेतात आणि त्यांना काहीही होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर हे वाचून कोणीतरी घरातली फिट्सची गोळी बंद करायचं.

को-ट्रायमोक्सॅझोल ही दोन औषधांची जोडी आहे. डीएस गोळीत १६० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि ८०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्सॅझोल असतं. ट्रायमेथोप्रिम ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या हिचिंग्ज आणि एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. औषध म्हणून ते आजही उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि एचआयव्हीच्या रुग्णांना न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी एआरटी केंद्रांतून वर्षानुवर्षं दिलं जातं. "सल्फाची अ‍ॅलर्जी" हा शब्द लोकांना माहीत असतो, त्यामुळे सगळा दोष सल्फाच्या माथी मारला जातो. पण या आजाराच्या बाबतीत नुसतं ट्रायमेथोप्रिम घेतलेल्या रुग्णांनाही मेनिंजायटिस झालेला आहे, आणि नुसत्या सल्फा औषधांनीही काहींना झालेला आहे. तुमच्या पत्नीच्या बाबतीत जोडीतलं नेमकं कोणतं हे सांगता येणार नाही, आणि ते शोधण्यासाठी पुन्हा गोळी देऊन बघणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. दोन्ही टाळायची.

आता रिपोर्ट. पहिल्या वेळच्या पाण्यात ६४० पांढऱ्या पेशी, त्यातल्या ७८ टक्के न्यूट्रोफिल. प्रथिनं ११०, साखर ६२, त्याच वेळी घेतलेली रक्तातली साखर ९८. ग्राम स्टेनमध्ये जंतू दिसले नाहीत, कल्चरमध्ये वाढ नाही. निरोगी माणसाच्या पाण्यात पाचपर्यंत पेशी असतात, त्याही लिम्फोसाइट. प्रथिनं साधारण ४५ च्या आत. म्हणजे सूज नक्की होती, आणि न्यूट्रोफिल एवढे म्हटल्यावर कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव जिवाणूंचंच येणार. विषाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये लिम्फोसाइट जास्त असतात, क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही बहुधा तसंच. न्यूट्रोफिल म्हणजे पू करणारे जिवाणू, असं आम्ही सगळेच शिकलेलो आहोत. गोम अशी, की औषधजन्य मेनिंजायटिसमध्येही बहुतेक वेळा न्यूट्रोफिलच जास्त निघतात. पेशी शेकड्यांत असतात, कधीकधी हजारांत. नुसत्या पेशी बघून जिवाणू आणि गोळी यांतला फरक करता येत नाही.

फरक थोडाफार कळतो तो साखरेत. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये पाण्यातली साखर सहसा कोसळते, रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांच्या खाली जाते. तुमच्या पत्नीची ६२ होती, म्हणजे रक्ताच्या जवळपास दोन तृतीयांश. ही नॉर्मल आहे. दुसऱ्या वेळच्या रिपोर्टमध्ये ३१० पेशी, पुन्हा न्यूट्रोफिल, प्रथिनं ८४, साखर पुन्हा नॉर्मल, आणि विषाणूंचा पीसीआर निगेटिव्ह. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एकाच माणसाच्या दोन सह्यांसारखे दिसतात. पण एकेकटा बघितला, तर पहिल्या कागदावरून गोळीचं नाव घेण्याची हिंमत मीही केली नसती.

म्हणूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. पहिल्या हॉस्पिटलात चुकीचे उपचार झाले नाहीत. ताप, उलट्या, ताठ मान आणि पाण्यात ६४० पेशी, त्याही बहुतेक न्यूट्रोफिल, घेऊन आलेल्या रुग्णाला जिवाणूंविरुद्धची इंजेक्शनं ताबडतोब सुरू न करणं हा गुन्हा आहे. जिवाणूंचा मेनिंजायटिस काही तासांत माणूस नेतो, वाचला तर बहिरेपणा किंवा फिट्स मागे ठेवून जातो. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, व्हॅन्कोमायसिन, सोबत डेक्सामेथासोन, शंका असेल तर नागिणीच्या कुळातल्या विषाणूसाठी असायक्लोव्हिर: एवढं सुरू करायचं आणि मग कल्चरची वाट बघायची. १४ दिवस इंजेक्शनं जास्त झाली का, यावर दोन डॉक्टर वाद घालू शकतील. पण त्यांच्यासमोर जे होतं ते पाहता, पूर्ण कोर्स करून सोडणं हा सावध निर्णय होता.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे, आणि आपल्याकडे ती फार वेळा येते. तुमच्या पत्नी अ‍ॅडमिट झाल्या त्या दिवशी दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. को-ट्रायमोक्सॅझोल बंद झालं, कारण आता सलाईनमधून "मोठं" अँटिबायोटिक चालू झालं होतं. आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सुरू झालं. दुसऱ्या दिवसापासून ताप उतरला. तुम्हीच पाठवलेल्या तक्त्यात दिसतं, ४८ तासांत तापमान खाली आलेलं आहे. श्रेय कोणाला मिळालं? अर्थातच सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनला. औषधजन्य मेनिंजायटिस औषध थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरतो, पण त्याच एक ते तीन दिवसांत नवं इंजेक्शन चालू असतं, आणि सुजेवर काम करणारं डेक्सामेथासोनही. त्यामुळे आजार कशाने गेला हे पहिल्या खेपेला कळण्याचा मार्गच राहत नाही.

त्यात भर म्हणून आपल्याकडची नेहमीची सोय: "अर्धवट उपचार झालेला पायोजेनिक (म्हणजे पू करणाऱ्या जिवाणूंचा) मेनिंजायटिस". रुग्ण हॉस्पिटलात येण्याआधी बाहेर काहीतरी अँटिबायोटिक घेऊनच आलेला असतो, त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आलं तरी कोणाला आश्चर्य वाटत नाही. "आधीच्या गोळ्यांनी जंतू मेले असतील" हे उत्तर तयार असतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनसारखं इंजेक्शन शिरेतून गेल्यावर काही तासांत पाण्यातले जंतू कल्चरमध्ये वाढेनासे होतात. मात्र याच उत्तराच्या आड औषधजन्य मेनिंजायटिस लपतो, कारण त्याचीही गोष्ट हीच आहे: आधी अँटिबायोटिक, मग मेनिंजायटिस, मग निगेटिव्ह कल्चर. आधीची गोळी एका गोष्टीत अपुरी पडलेली रक्षक असते, दुसऱ्या गोष्टीत तीच आरोपी. तुमच्या पत्नीच्या डिस्चार्ज कार्डावर "अर्धवट उपचार" हेच लेबल आहे, आणि त्याखाली "बाहेर उपचार घेतले" एवढेच शब्द. कुठले उपचार, कधीपासून, हे नाही. ते नाव तिथे लिहिलेलं असतं, तर आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी कार्ड पाहिल्यावर निदान थबकले तरी असते.

या निदानात सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे साधा कागद आणि पेन. मी मधोमध रेघ मारतो. डावीकडे गोळी: नाव, तारीख, वेळ. उजवीकडे लक्षण: पहिली कणकण कधी आली, डोकं कधी दुखायला लागलं, पहिली उलटी कधी. नातेवाईक म्हणतात, "मंगळवारपासून आजारी आहे." असं चालत नाही. मंगळवारी सकाळी की रात्री? गोळी जेवणाआधी घेतली की नंतर? गोळी सुरू करायच्या आधी ताप होता का? हा शेवटचा प्रश्न कळीचा आहे. डोकेदुखी-ताप आधी आणि गोळी नंतर, असा क्रम असेल तर गोळी सुटली. मूळ आजारासाठीच ती घेतलेली होती. तुमच्या पत्नीला गोळी सुरू करताना फक्त लघवीची जळजळ होती, ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजू जुळतात.

हा कागद भरणं किती कठीण जातं, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि औषधाचं नाव, बॅच, तारीख हे सगळं नेमकं दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असतं. खेड्यातल्या दवाखान्यात कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या मिळतात: "पांढरी दोन वेळा, पिवळी रात्री." चिठ्ठी असली तरी त्यावर कंपनीचं नाव असतं, औषधाचं नसतं. तुमच्या बाबतीत हेच झालं. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या, दोन्हींच्या पोटात तेच औषध होतं. तुमच्या एमडी डॉक्टरांनी चिकाटीने जुन्या दुकानाचं बिल मागवून दोन्ही नावांखालचं मूळ औषध जुळवून पाहिलं, याचं मला खरोखर कौतुक वाटतं. तेवढा वेळ ओपीडीत सगळ्यांकडे नसतो.

दाढदुखीचे रुग्ण तर याहून अवघड. त्यांना अमॉक्सिसिलिन आणि आयब्युप्रोफेन एकाच चिठ्ठीवर मिळतं, म्हणजे यादीतली दोन नावं एकाच वेळी. त्यातलं कुठलं, हे मग पुढच्या आयुष्यात एखादं चुकून पुन्हा घेतलं गेलं तरच उलगडतं.

हे घडतं कसं, याबद्दल थोडं. दोन वाटा मानल्या जातात. काही औषधं थेट पाठीच्या पाण्यात टोचली जातात, उदाहरणार्थ कॅन्सरच्या काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट. तिथे औषधच आवरणांना चुरचुरतं. गोळीने होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये मात्र शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्या औषधाला ओळखून खवळते आणि ती चकमक मेंदूच्या आवरणांत होते, असं समजतात. ट्रायमेथोप्रिम पाठीच्या पाण्यात चांगलं उतरतं, त्यामुळे ते तिथे पोचतं हे तर नक्की. प्रतिकारशक्तीचा हात असल्याचा सगळ्यात बोलका पुरावा तुमच्याच घरी आहे: पहिल्या वेळी तीन दिवस लागले, दुसऱ्या वेळी तीन तास. शरीराने ओळख ठेवलेली होती. चेहरा आणि डोळे लाल होणं, चेहऱ्यावर सूज, अंगावर पुरळ, हेही अशा रुग्णांत दिसतं. असंबद्ध बोलणं, गुंगी, क्वचित फिटसुद्धा येते; ते पाहून घरचे घाबरतात, आणि घाबरायलाच हवं.

रक्ताची किंवा त्वचेची अशी कुठलीही अ‍ॅलर्जी टेस्ट नाही जी हे निदान पक्कं करेल. लॅबवाल्याने "ड्रग अ‍ॅलर्जी पॅनेल" सुचवलं तर पैसे वाचवा. निदान ठरतं ते क्रमावरून, दुसरी कारणं वगळून, आणि औषध बंद केल्यावर आलेल्या उतारावरून. चुकून पुन्हा औषध घेतलं गेलं आणि तेच पुन्हा झालं, तर संशयाला जागा उरत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची शक्यता तोलण्यासाठी जगभर वापरली जाणारी नारांजो नावाची प्रश्नावली आहे, १९८१ सालची. तिच्यात औषध बंद केल्यावर बरं वाटलं तर एक गुण, पुन्हा दिल्यावर पुन्हा झालं तर दोन. तुमच्या पत्नीने नकळत ते दोन गुण मिळवले आहेत.

वगळायच्या कारणांची यादी मात्र मोठी असते आणि ती कंटाळा न करता तपासावी लागते. महाराष्ट्रात पहिलं नाव क्षयाचं. क्षयाचा मेनिंजायटिस सहसा हळूहळू येतो, आठवडे-दोन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणं, चिडचिड, मग डोकेदुखी. पाण्यात साखर कमी, प्रथिनं बरीच जास्त. एआरटी केंद्रातून को-ट्रायमोक्सॅझोल घेणाऱ्या रुग्णाला मेनिंजायटिस झाला, तर गोळीवर बोट ठेवण्याआधी क्षय आणि क्रिप्टोकॉकस ही बुरशी या दोन्हींच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. तिथे गोळी निर्दोष निघण्याचीच शक्यता जास्त. पाण्यातली साखर कमी असेल तर कोणाही रुग्णात मी गोळीचा विचार मागे ठेवतो, मग क्रम कितीही जुळत असो. मेनिंजायटिस पुन्हा पुन्हा होण्याची आणखीही कारणं आहेत: डोक्याला जुना मार लागून नाकावाटे पाणी झिरपणं, किंवा हर्पिस विषाणूमुळे वरचेवर येणारा प्रकार, ज्याचं वर्णन फ्रान्समधल्या मोलारे यांनी १९४४ मध्ये केलं होतं. तुमच्या पत्नीचा पीसीआर निगेटिव्ह आहे, एमआरआय स्वच्छ आहे, नाकातून पाणी येत नाही, आणि मधल्या आठ महिन्यांत गोळी नव्हती तेव्हा आजारही नव्हता.

एक तपासणी मी मात्र सुचवेन. औषधजन्य मेनिंजायटिस ज्यांना होतो त्यांच्यात ल्युपस, शोग्रेन यांसारखे स्वप्रतिरक्षेचे आजार (ज्यांत रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असण्याचं प्रमाण जास्त दिसतं, आणि असे आजार मुळात बायकांमध्येच अधिक. कधीकधी मेनिंजायटिस आधी होतो आणि ल्युपसचं निदान मागून. म्हणून सांधे दुखतात का, सकाळी बोटं आखडतात का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात का, तोंडात वारंवार फोड, डोळे-तोंड कोरडं पडणं, मूठ-मूठ केस गळणं, यांतलं काही आहे का ते त्यांना विचारा आणि एएनए ही रक्ततपासणी करून घ्या. काही निघेलच असं नाही. निघालं तर मात्र संधिवातासाठी दिलं जाणारं सल्फासॅलझिन त्यांना चालणार नाही, हे त्या डॉक्टरांना आधी सांगावं लागेल.

पाठीतल्या पाण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण पत्रात ओझरतं लिहिलंय की दुसऱ्या वेळी घरच्यांनी दोन तास परवानगी दिली नाही, कारण "पाठीतून सुई घातली की पाय जातात." ही भीती मी रोज ऐकतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये घालतात, जिथे फक्त पाण्यात सैल तरंगणाऱ्या नसा असतात. शरीरात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. आम्ही काढतो ते दोन चमच्यांहून कमी. ती नळी खिडकीच्या उजेडात साध्या पाण्याच्या नळीशेजारी धरली की अनुभवी डोळ्याला तिथेच बरंच कळतं: पेशी दोनशेच्या वर गेल्या की पाण्याला हलकी दुधी झाक येते. नंतर काही दिवस उठल्या-बसल्यावर डोकं दुखू शकतं, ते जातं. परवानगीत घालवलेले दोन तास जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये महाग पडले असते. (अशा वेळी चांगले डॉक्टर परवानगीची वाट न बघता इंजेक्शन आधी देऊन टाकतात, आणि ते बरोबर आहे.)

कायमचा परिणाम राहत नाही. औषध थांबलं की सूज उतरते आणि मागे काही ठेवत नाही. त्यांना अजून थकवा आणि लक्ष न लागणं जाणवतंय असं तुम्ही लिहिलंय. दोनदा अ‍ॅडमिट झालेल्या माणसाला ते काही आठवडे जाणवणारच. त्याहून लांबलं तर दाखवा.

लागण होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण जंतूच नाही. मेनिंगोकॉकस जंतूचा मेनिंजायटिस असता तर घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध द्यावं लागलं असतं. तुम्हाला कोणालाही काही घ्यायची गरज नाही, आणि शेजाऱ्यांनी मुलांना खेळायला पाठवणं बंद केलं असेल तर त्यांनाही हे सांगा.

आता काय टाळायचं. को-ट्रायमोक्सॅझोल कोणत्याही नावाने, गोळी, सिरप, इंजेक्शन, कुठल्याही रूपात नाही. नुसतं ट्रायमेथोप्रिम नाही. सल्फा गटातली इतर अँटिबायोटिक्स नाहीत. लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटोइन, फॉस्फोमायसिन यांसारखे पर्याय आहेत. पण त्यांना वर्षात दोनदा त्रास झालाय म्हणजे पुढच्या वेळी गोळीआधी लघवीचं कल्चर करा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांची रासायनिक नावंही सल्फाशी नातं सांगतात, फ्युरोसेमाइड, ग्लिमेपिराइड वगैरे. त्या टाळायची सहसा गरज नसते. मेडिकलवाल्याने घाबरवलं तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. अमॉक्सिसिलिन त्यांना आजवर चाललं असेल तर पुढेही चालेल. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल वापरा. आयब्युप्रोफेनशी या औषधाचं थेट नातं नाही, पण ज्यांची मेंदूची आवरणं एका औषधाला चिडली ती दुसऱ्याला चिडल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा निदान एएनएचा रिपोर्ट येईपर्यंत मी ते देणार नाही. बाजारातल्या कित्येक अंगदुखीच्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं, पाठीमागचं बारीक अक्षर वाचा.

एक छोटं कार्ड करून पर्समध्ये ठेवायला द्या. "सल्फाची अ‍ॅलर्जी" एवढंच लिहू नका. ते वाचून डॉक्टर पुरळ-खाज समजतात आणि ट्रायमेथोप्रिमचा विचारही करत नाहीत. असं लिहा: "को-ट्रायमोक्सॅझोलमुळे मेनिंजायटिस, दोन वेळा, दुसऱ्या वेळी एका गोळीनंतर तीन तासांत. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फा अँटिबायोटिक्स देऊ नयेत." खाली दोन्ही तारखा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. विशेष करून पन्नाशीनंतर याचं महत्त्व वाढेल, कारण पेनिसिलिन न चालणाऱ्या रुग्णाला लिस्टेरिया नावाच्या जंतूचा मेनिंजायटिस झाला तर त्यावरचं पर्यायी औषध नेमकं को-ट्रायमोक्सॅझोलच आहे. म्हणजे "होतो कसा" हा तुमचा प्रश्न अगदीच रास्त होता. हे औषध खरोखरच दोन्ही बाजूंना उभं राहतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: अँटिबायोटिक चालू असताना नुसतं डोकं दुखणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे, त्यावरून कोर्स सोडू नका. पण ताप, उलट्या आणि हनुवटी छातीला न टेकणं एकत्र आलं, उजेड सहन होईना, माणूस गुंगीत किंवा भलतंच बोलायला लागला, फिट आली, अंगावर जांभळट ठिपके उठले, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. "गोळीची रिअ‍ॅक्शन असेल, उतरेल" असं म्हणत घरी बसू नका. ते ठरवण्याचा अधिकार पाठीच्या पाण्याच्या रिपोर्टनंतरच मिळतो, तोपर्यंत जिवाणूच समजायचं. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा.

तुम्हाला अजून एक काम सांगतो. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात. बहुतेक मेडिकल कॉलेजांत त्यासाठी केंद्र असतं आणि तुमचे डॉक्टर तिथे फॉर्म भरून देतील. पहिल्या खेपेला निदान न झालेले असे किती रुग्ण "अर्धवट उपचार" या शिक्क्याखाली गेले असतील कोण जाणे. तुमच्याकडे तर दोन्ही वेळचे रिपोर्ट आणि दोन्ही गोळ्यांची बिलं आहेत. इतकी नीट कागदपत्रं क्वचित कोणाकडे असतात.

मुलांबद्दल: आईला हे झालं म्हणून मुलांना को-ट्रायमोक्सॅझोल टाळायचं कारण नाही. हा प्रकार घराण्यात चालत येतो असं दिसलेलं नाही. मुलांच्या डॉक्टरांना एकदा कानावर घालून ठेवा, तेवढं पुरे.